दोन हॉल तिकिटं

"जन्मतारीख?" गिरीधरनं विचारलं.

"बरोबर आहे." हेमावती त्याचं हॉल तिकीट आधार कार्डाशी ताडून बघत होती. "नाव बरोबर. सही दिसतेय. फोटो स्पष्ट. सेंटर जयनगरचं कॉलेज."

गिरीधरनं समाधानानं कागद फोल्डरमध्ये सरकवला. राज्य नागरी सेवेच्या परीक्षेला बसायची त्याची ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता.

"आता माझं काढा," हेमावती म्हणाली.

तो हसला. मग ती हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

दोघांचे अर्ज एकाच संध्याकाळी, एकाच लॅपटॉपवर, एकामागोमाग भरलेले होते. नंतर परीक्षा दोनदा पुढे गेली. मधल्या काळात प्रांजली जन्मली आणि हेमावती परीक्षेला बसणार नाही, असं जे. पी. नगरच्या त्या घरात सगळ्यांनी धरून टाकलं. तिला कुणी विचारलं नाही. प्रांजलीला पायांवर झोपवून ती राज्यघटना वाचायची, तेव्हा सासूबाईंना वाटायचं, सून गोष्टीचं पुस्तक वाचतेय.

सासूबाई, भागीरथीबाई, अवरेच्या म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. "स्वल्प थांब की गं. त्याचं होऊ दे. तुला पुढच्या वर्षी देता येईल. आणि त्या दिवशी पोरीला कोण बघणार? माझ्या जिवावर जाऊ नकोस हो. माझ्यानं होत नाही आता."

"बघू," गिरीधर म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी हेमावती प्रांजलीला कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. अर्ज क्रमांक टाकला. ओटीपी गिरीधरच्या मोबाइलवर गेला; अर्जात त्याचाच नंबर दिलेला होता. तिनं त्याला ऑफिसात फोन केला. मीटिंगमध्ये आहे, म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा केला. त्यानं उचलला नाही.

संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा तिनं लॅपटॉप त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवला, अर्ज क्रमांक टाकला आणि त्याचा वाजलेला मोबाइल त्याच्या देखत उचलला. ओटीपीचा एकेक आकडा तिनं मोठ्यानं वाचला आणि टाकला. भागीरथीबाईंच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली.

तिचं हॉल तिकीट ताडून बघायला कुणी नव्हतं. तिनंच बघितलं. नाव, जन्मतारीख, सही. सेंटरही तेच, जयनगरचं कॉलेज. फोटो मात्र धुरकट छापून आला होता. तसं असेल तर दोन फोटो आणि ओळखपत्र घेऊन या, असं खाली सूचनांमध्ये लिहिलं होतं. तिनं फोटो काढून आणले.

रविवारी सकाळी आईच्या हातची दही-साखर खाऊन गिरीधर स्कूटरवरून निघून गेला. हेमावतीनं प्रांजलीला आंघोळ घातली, दुधाची बाटली भरली, पर्स खांद्याला लावली.

"पोरीला घेऊन कुठं?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"परीक्षेला. तुमच्यानं होत नाही म्हणालात ना. तिच्या वडिलांकडे देते."

हेमावतीनं खाली जाऊन रिक्षा थांबवली. "जयनगर, अण्णा."

कॉलेजच्या फाटकावर महिला पोलीस होती. "मूल आत सोडता येणार नाही, अक्का," ती कन्नडमध्ये म्हणाली. "तुमच्याबरोबर कोण आलंय?"

"बाहेर कुणी नाही. आत आहेत."

गिरीधर आवारातल्या फळ्यावर आपला नंबर शोधत होता. हेमावतीनं फाटकातूनच हाक मारली, "गिरीधर!"

नवऱ्याला नावानं हाक तिनं आजवर मारली नव्हती. फळ्यापाशी उभी असलेली सगळी माणसं वळली. तो लगबगीनं बाहेर आला.

"लोक बघतायत, हेमा. हिला घेऊन घरी जा. माझा शेवटचा अटेम्प्ट आहे गं हा."

"माझा पहिला आहे."

तिनं प्रांजलीला त्याच्या हातात दिलं आणि बाटलीची पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली. "तुम्ही बसू नका, असं मी म्हणत नाही. फाटक बंद व्हायला वेळ आहे. हिचं काय करायचं ते आज तुम्ही ठरवा. रोज मी ठरवते."

ती रांगेत जाऊन उभी राहिली. मागून प्रांजलीच्या रडण्याचा आवाज आला. तिनं मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती परत गेली असती, हे तिला ठाऊक होतं. पर्यवेक्षकानं धुरकट फोटोवर बोट ठेवलं, तिनं नवे फोटो पुढे केले. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि सही घेऊन आत सोडलं.

अर्ज एकामागोमाग भरल्यामुळे दोघांचे क्रमांकही लागोपाठचे आले होते. तिच्या मागचा, गिरीधरचा बाक रिकामा होता. ती दोन्ही हातांनी आपला बाक घट्ट धरून बसली. शेवटचा प्रयत्न, शेवटचा प्रयत्न, असं डोक्यात घुमत होतं. फाटक बंद करायची घंटा झाली तेव्हा तिचे डोळे भरून आले. तरी ती उठली नाही.

तेवढ्यात गिरीधर धापा टाकत आत आला. शर्टावर दूध सांडलेलं होतं. तो तिच्या मागच्या बाकावर बसला.

तिनं मान न वळवता विचारलं, "प्रांजली?"

"आईकडे. रिक्षा करून आली फाटकापर्यंत."

"त्या? कशा काय आल्या?"

पर्यवेक्षक प्रश्नपत्रिकांचं पाकीट फोडत होता.

"मी फोन केला, ये म्हटलं," गिरीधर हळूच म्हणाला. "आजवर तुझ्यासाठी तिला कधी काही म्हटलंच नव्हतं."