उजवी पाकळी

बाबांचा प्लास्टिकचा पाय बुटासकट काढून सेजलने कोरगावच्या देवळाच्या पायरीवर चपलांशेजारी ठेवला, तेवढ्यात फोन थरथरला. बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी अर्ज केलेल्या सातव्या, शेवटच्या परदेशी विद्यापीठाचंही उत्तर नकारच होतं. तिने ते एकदा वाचलं. काहीच वाटलं नाही. फोन पर्समध्ये टाकला. "बेगीन ये गो!" आईने आतून हाक मारली. गुरवाने कौलासाठी देवाच्या छातीवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तो गाऱ्हाणं घालू लागला, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक परदेशात शिकाक जागा गावांदे!" "होय म्हाराजा!" आई म्हणाली. "बापाशीक हलको पाय करून देवची इद्या तिका गावांदे!" "होय म्हाराजा!" खांबाशी बसलेले बाबा म्हणाले. "आणि तुझी कसली मिठाची गुळणी?" आईने सेजलला कोपराने ढोसलं. "होय म्हाराजा," सेजल म्हणाली. उजवी पाकळी अलगद सुटली. आईने डोळे पुसले, देवापुढे ठेवलेला पासपोर्ट उघडला आणि पाकळी कोऱ्या पानात ठेवून तो लेकीच्या हातात दिला. बाहेर सेजल खाली बसून बाबांच्या पायाचे पट्टे आवळू लागली. "जड आसा खरो," बाबा हसत म्हणाले, "पण दोन वर्सां काढतंय ह्येच्यावर. मगे तू केल्लोच पाय घालतलंय." पासपोर्ट तिच्या मांडीवर होता. तिने शेवटचा पट्टा एका भोकाने पुढे ओढला. "होय," ती म्हणाली.