दोघांची यादी

रंजिताच्या भावाची हळद अर्ध्यावर सोडून मिथुन ट्रक घेऊन निघाला, तेव्हापासून नवराबायकोचं बोलणं बंद होतं. ती भांडेल म्हणून चार दिवस तो तिचा फोन उचलत नव्हता. गाण्यांच्या ॲपवर दोघांची यादी मात्र अजून एकच होती. त्याच्या केबिनमध्ये काय वाजतंय ते तिला कळंबोलीत दिसायचं, मधेच आपलं गाणंही लावता यायचं. आज दुपारी तिथे संथ गझला सुरू झाल्या आणि भाकरी थापणारा तिचा हात थांबला. गेल्या वर्षी जेवून अशाच गझला ऐकताना त्याचा डोळा लागून ट्रक दुभाजकावर चढला होता. तिने पिठाच्या बोटानेच हळदीतलं बेंजोचं गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात ते बंद झालं. ती स्क्रीनकडे बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा त्याचा फोन आला. "चहाला थांबलोय. अजून राग हाय?" "आधी तोंडावर पानी मारा."