श्वास धरा

स्क्रीनवरची रेषा पुन्हा खाली गेली आणि सावकाश वर आली. सुनेत्राने दार लागलंय ना ते पाहिलं, पंखा बंद असल्याची खात्री केली. टेबलावर शर्टाच्या बटणाएवढा स्फटिक थरथरत होता, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. हवेतलं काहीही त्याच्यावर बसलं, की तो जड होई, थरथर मंदावे आणि रेषा खाली येई. श्वासातली वाफसुद्धा त्याला पुरे. म्हणून मोजणी चालू असताना श्वास धरायचा, असा प्रयोगशाळेचा शिरस्ता होता.

तो मोडायचे एकटे कारखानीस सर. समोरच्या स्टुलावर बसून ते स्फटिकावर वाकायचे. सुनेत्रा रागावली, की म्हणायचे, "अगं, जिवंत माणूस आहे, श्वास घेणारच."

सर जाऊन महिना झाला होता. त्यांच्या या शेवटच्या कामाची मोजणी आज जमली नाही, तर प्रकल्पच गुंडाळला जाणार होता.

सुनेत्राने श्वास धरला. तरीही रेषा संथ लयीत खालीवर होतच राहिली. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, श्वास धरा ना."

रेषा सरळ झाली.

मोजणी संपेपर्यंत ती जराही हलली नाही. आकडे चोख आले. मग रिकाम्या स्टुलाकडे बघत सुनेत्रा हलकेच म्हणाली, "झालं सर. सोडा आता."

तिच्या चष्म्यावर वाफ जमली. तिने काचेवरून बोट फिरवलं. वाफ बाहेरच्या बाजूला होती.