कप्तानाची दीपमाळ

“बाय, तुझो इश्वास बसाचो नाय, पण ही दीपमाळ डच कप्तानान बांधली!” देवळाच्या गुरवआजोबांनी छाती फुगवून सांगितलं.

पुरातत्त्व खात्याकडून नोंद घ्यायला आलेल्या विभावरीने कपाळावर हात मारला. रस्ता रुंद करण्यासाठी दीपमाळ उद्या पाडणार होते. ती शंभर वर्षांहून जुनी असल्याचा पुरावा संध्याकाळपर्यंत मिळाला, तरच वाचणार होती. सकाळपासून तिने तीनदा साल विचारलं आणि तिन्ही वेळा कप्तानच हजर झाला. पहिल्यांदा त्याचं गलबत बुडत होतं, मग त्याला स्वप्नात देवी दिसली, आता तर तो शिमग्यात ढोल बडवत होता.

“आजोबा, कप्तान राहू दे हो! साल सांगा, साल!”

“गोऱ्याचा काम म्हणान लिव गो. तेंच्या पडक्या वखारीक सरकारान कुंपण घातल्यान, मगे कप्तानाची दीपमाळ कोण पाडतलो?”

पायरीवर फुलं ओवणाऱ्या त्यांच्या बायकोने हातातला दोरा खाली टाकला.

“किती खोटा बोलतास! दीपमाळ तुमच्या पणज्यान बांधली. तळाक सालासकट तेचा नाव कोरलला आसा, तेच्यार वर्साक चुनो तुमीच फासतास!”