सासऱ्यांचा वचक

२००३ साली सासऱ्यांनी, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाने, मासिकात वाचून सुनेच्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा वेग गुपचूप वाढवला. टेबलाखालच्या त्या डब्यातला पंखा घोंघावू लागला आणि कॉम्प्युटर तासातासाला तापून बंद पडू लागला. सुनेला तर पहिल्यावहिल्या पुस्तकाचं भाषांतर शुक्रवारी द्यायचं होतं.

सासऱ्यांनी निमूटपणे वेग पूर्ववत केला, पंखा पुसला, तरी तेच. ते पेचकस घेऊन आले, की सासूबाई लगबगीने पुढे होऊन टेबलाखालची जागा आवरून द्यायच्या आणि मग कॉम्प्युटर अगदी शहाण्यासारखा चालायचा. सासऱ्यांची पाठ फिरली, की पुन्हा मान टाकायचा.

"तुम्हाला घाबरतो तो, बाबा," सून म्हणाली. "आता शुक्रवारपर्यंत इथून हलायचं नाही."

सासरे डब्याला पाय टेकवून दोन दिवस बसून राहिले. भाषांतर वेळेत गेलं.

पुढे सुनेची चौदा पुस्तकं आली. आपला वचक यंत्रांवरही आहे, हे सासरे शेवटपर्यंत येईल त्याला सांगत राहिले. कॉम्प्युटर भंगारात निघाला त्या दिवशी सासूबाईंनी कपाटातून त्याच्या बरोब्बर मापाचा, बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर काढून सुनेच्या हातात दिला.



"एवढा घोंघावायचा गं, मला वाटलं सर्दी झालीय. हे उठून गेले की घालायचे मी त्याला."