अर्ध्या फुटाचं खूळ

"तलावाच्या फाटकाची कडी साडेचार फुटांवर हवी," टेप गुंडाळत तपासनीस म्हणाले. आमच्या अंगणातल्या पोहण्याच्या तलावाची परवानगी तेवढ्यावर अडली. नदीपलीकडच्या शहरात ताईच्या पोरांच्या तलावाला चार फुटांवरची कडी चालली होती; तिचं बघून मीही तशीच बसवली होती. "नदी ओलांडली की नियम अर्ध्या फुटानं वाढतो कसा?" मी विचारलं. "वहिनी, सरकवतो ना वर, साहेबांचं डोकं कशाला खाताय?" मिस्त्री पुटपुटला. पण कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. "सांगा ना साहेब, हे अर्ध्या फुटाचं खूळ काढलं कुणी?" "मीच," तपासनीस म्हणाले. "आधी पलीकडे राहायचो." त्यांनी टेप पुन्हा जमिनीला टेकवला आणि चार फुटांच्या खुणेवर बोट ठेवलं. "आमची चिमी टाचा उंचावून इथपर्यंत पोचली होती." मिस्त्रीनं कडी वर बसवायला काढली. मी ताईला फोन लावला.