जाड तारा

“कानस लावू का?” मिस्त्रीने पुन्हा विचारलं.

बेसवाल्याने हातानेच थांब म्हटलं. त्याची बेस गिटार टेबलावर उताणी पडली होती, तारा काढल्यामुळे ओकीबोकी दिसत होती. शेजारी नव्या जाड तारांचं पाकीट उघडं होतं. गिटारच्या मानेच्या टोकाला हाडाचा एक तुकडा असतो, त्यातल्या खाचांमधून तारा जातात. सगळ्यात जाड तार आपल्या खाचेत काही केल्या बसायला तयार नव्हती.

“न घासता नाही का जमणार?”

“जमवून पाहिलंस की. काय झालं?”

काय झालं ते दोघांनाही ठाऊक होतं. बेसवाल्याने जुन्याच तारा दोन सूर खाली उतरवून दोन महिने रेटल्या होत्या. सैल पडलेल्या तारा मानेवरच्या पडद्यांवर आपटून खरखरायच्या. गिटारमध्ये भुंगा अडकलाय का, असं ड्रमवाल्याने भर तालमीत विचारलं होतं.

हल्ली असा भारदस्त आवाजच चालतो, असं सांगून बेसवाल्याने सगळ्या बँडला पट्टी खाली आणायला लावली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं कारण प्रत्येकाला माहीत होतं. बेसवाल्याची बायको बँडची गायिका. थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि तिचे वरचे सूर गेले. ज्या जागी लोक खुर्चीत पुढे सरकून बसायचे, तिथे आता नुसती हवा यायची. डॉक्टर म्हणाले, आवाज कदाचित परत येईल, वाट पाहा. बेसवाल्याने त्यातलं ‘कदाचित’ ऐकलंच नव्हतं.

तो वाट पाहत होता. तिला कमीपणा वाटू नये म्हणून तिलाही त्याने फॅशनचीच थाप मारली. तिने “बरं” म्हटलं आणि विषय संपवला. तालमीला यायची, गायची, गळ्याची शीर तट्ट फुगायची. घरी मात्र चकार सूर नाही. पूर्वी कपडे वाळत घालतानासुद्धा तिचं गाणं चालू असायचं. आता घर कसं खायला उठायचं.

“हे बघ,” मिस्त्री म्हणाला. शाळेपासूनचा दोस्त, त्यामुळे त्याला भीडभाड नव्हती. “पट्टी उतरवलीस तर तार जाड हवी, आणि जाड तारेला खाच रुंद हवी. मग ताण सांभाळायला मानेतली सळई जरा पिळून देतो, बघ कशी घुमते ती. पण एकदा घासलं की तुझ्या जुन्या तारा यात खडखडणार. परत वर जायचं असेल तर आत्ताच बोल.”

परत वर जायचं असेल तर. बेसवाला त्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिला. शनिवारी कार्यक्रम होता, ऑपरेशननंतरचा पहिलाच. खरखरणाऱ्या बेसच्या साथीने तिला लोकांपुढे उभं करायचं, की तिच्या आवाजावर आपल्याच हाताने पाणी सोडायचं? एवढीशी ती खाच, पण ती घासायला हो म्हणणं त्याच्या जिवावर आलं होतं.

“राहू दे,” तो शेवटी म्हणाला. “जुन्याच चढव. येईल तिचा आवाज.”

“घासा, भाऊजी.”

दारात बायको उभी होती. ऑफिसमधून परस्पर आली होती, पर्स अजून खांद्यालाच होती. केव्हापासून ऐकत होती कोण जाणे. चोरी पकडली गेल्यासारखा बेसवाल्याचा चेहरा पडला.

“अगं, म्हणजे, हल्ली बँडमध्ये असा आवाज...”

“पुरे रे तुझी फॅशन.” ती हसत आत आली. टेबलावरची जाड तार तिने दोन बोटांत धरून चाचपून पाहिली. मग नवऱ्याकडे न बघता मिस्त्रीला विचारलं, “हिच्याहून जाड मिळते का हो? मला आणखी अर्धा सूर खाली जायचंय.”

मिस्त्रीने हातातली कानस खाली ठेवली.

“आणखी खाली?” बेसवाला कळवळला. “एवढा त्रास होतोय तुला? मग बोलली का नाहीस?”

“तू इतक्या आशेने वाट बघत होतास, कसं बोलणार?” ती म्हणाली. “त्या खालच्या पट्टीत मोकळा लागतो माझा आवाज. छान लागतो. रोज गाते मी तिथे, तू घराबाहेर पडलास की.”